ग्लेनिसबाईंची पाचवी ग्रेड आणि माझं तडकलेलं पोट

मी डबल बास आहे. जुना. वाद्यवृंदात सगळ्यात मागे, भिंतीला लागून, माणसापेक्षा उंच असं जे धूड उभं असतं, ते मी. तुम्ही व्हायोलिन बघता, बासरी बघता, आणि चुकून माझ्याकडे नजर गेलीच तर म्हणता, "बाप रे, हे गाडीत कसं घालत असतील?" बस्स, एवढंच. आपली कहाणी सांगताना ऐकणाऱ्यांना मित्रांनो म्हणायची रीत आहे, म्हणून मीही म्हणतो. मित्रांनो, तुम्ही माझे मित्र नाही आहात. पण गोष्ट सांगायला समोर कुणीतरी लागतं, आणि आज तुम्ही सापडलात.

माझा जन्म बोहेमियातल्या एका कारखान्यात झाला. पाठ मेपलची, पोट स्प्रूसचं. मला घडवणारा कारागीर दिवसभर कुणावर ना कुणावर खेकसत असे, आणि खेकसतच तो मला रंधत असे. माझा स्वभाव तिथूनच आला असावा. मग बोटीतून इंग्लंड, मग लँकशायरच्या डोंगरमाळावरचं हॅस्लो गाव, तिथला नाचगाण्यांचा हॉल, आणि शेवटी हॅस्लोचा हौशी वाद्यवृंद. दर सोमवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये तालीम, मध्यंतरात चहा-बिस्किटं, आणि वर्षाला तीन मैफली. त्यांची ऐट मात्र अशी, की राणी येऊन बसलीय समोर.

तिथे मी क्लेमंट ऑर्मरॉडच्या हाती पडलो. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. वाजवायचा चांगला, हे मला कबूल करावं लागतं. लोक म्हणायचे, "काय गोड आवाज आहे हो तुझ्या बासचा!" आणि हा पठ्ठ्या म्हणायचा, "हात माझा आहे." एकदा त्याने स्पर्धेत भाग घ्यायचं ठरवलं. एकट्याने वाजवायच्या चालींसाठी आम्हा बासांच्या तारा कधीकधी एक सूर चढवून लावतात, म्हणजे आवाज उजळतो. त्यासाठी बारीक तारांचा वेगळा संच मिळतो. क्लेमंटने तो आणलाच नाही. होत्या त्याच जाड तारा खुंट्यांवर पिळत गेला, पिळत गेला. त्याला बक्षीस मिळालं. मला पोटात तडा मिळाला, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पायापासून थेट खालपर्यंत. सरस भरून तो बुजवला, आणि पुढे तीस-पस्तीस वर्षं मी तसाच राबलो.

मग त्याने पाच तारांचा नवा बास घेतला. मला मंचाखालच्या कोठडीत ढकललं. शेजारी पोछे, बादल्या, नाताळचं प्लॅस्टिकचं झाड. लोक माझ्या मानेवर ओले कोट टांगायचे. थंडीत सरस सुकायचा, उन्हाळ्यात लाकूड फुगायचं. कुणाला काय त्याचं! मित्रांनो, तिथे मी इतका चिडलो होतो की मला हात लावणाऱ्या पहिल्या माणसाचं बोट चिमटायचं, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

ते बोट ग्लेनिस हार्ग्रेव्हचं निघालं.

ग्लेनिस म्हणजे गावातल्या दंतवैद्याच्या दवाखान्यात काउंटरवर बसणारी बाई. वय छप्पन्न. "बसा. डॉक्टर बोलावतील," हे वाक्य ती असं म्हणायची की दुखणारी दाढसुद्धा गप्प बसावी. वाद्यवृंदाचा मध्यंतरातला चहा गेली कित्येक वर्षं तीच करत होती. क्लेमंट आणि ती एकाच शाळेतले, त्यामुळे त्यांच्यात अहो-जाहो नव्हतं आणि मायाही नव्हती.

एका सोमवारी कप भरता भरता ती म्हणाली, "आज मागून फार गडगडाट होत होता. व्हायोलिनं ऐकूच आली नाहीत."

मागे म्हणजे क्लेमंट. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ग्लेनिस, तू बिस्किटं मोज. सुरांचं आम्ही बघतो."

सगळे हसले. बासरीवाली तर चहा सांडेपर्यंत हसली. ग्लेनिसने किटली खाली ठेवली आणि हात पुसले. दुसऱ्या दिवशी हॉलच्या रखवालदाराकडून किल्ली घेऊन तिने मला कोठडीतून ओढून काढलं. ओढताना मी तिचं बोट दाराच्या फटीत चिमटलं. तिने जी शिवी दिली, ती चर्चच्या हॉलमध्ये त्याआधी कुणी दिली नसावी.

म्हणजे बघा, संगीताच्या प्रेमापोटी वगैरे काही नाही. ही बाई माझ्याकडे निव्वळ खुन्नस म्हणून आली. क्लेमंटच्या शेजारी दुसऱ्या बासवाल्याची जागा बरीच वर्षं रिकामी होती. तिला तिथे बसायचं होतं. तिने तसं वाद्यवृंदाच्या समितीला सांगितलं तेव्हा क्लेमंट म्हणाला, "ये की. संगीताच्या पाचव्या ग्रेडची परीक्षा पास हो, आणि ये."

"आजवर कुणाला मागितलीस परीक्षा? त्या हॉर्नवाल्याला साधं मोजता येत नाही."

"नियम आजपासून," क्लेमंट म्हणाला. समितीने माना डोलावल्या. कुणालाच क्लेमंटशी वाकडं घ्यायचं नव्हतं. परीक्षा पास, तर स्टूल. नाहीतर आयुष्यभर किटली. एवढा साधा सौदा होता.

मग माझे हाल सुरू झाले. तिने मला स्वयंपाकघरात उभं केलं, चुलीच्या वाफेत. माझ्या लोखंडी पायाने तिच्या नव्या फरशीला भोकं पडली, तर ओरडली माझ्यावरच. तिच्या बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. मला जराही वाईट वाटलं नाही. ती गज अशी घासायची की माझ्या नरड्यातून रेडा निघायचा. शेजारचा म्हातारा भिंत ठोकून विचारायचा, "ग्लेनिस, गाय अडलीय का? बोलावू का डॉक्टरला?"

"तुझ्या कानांचा बोलाव!" ती इकडून ओरडायची आणि मुद्दाम आणखी जोरात घासायची.

शिकवायला टॅमसिन यायची. पंचवीस-सव्वीस वर्षांची पोर, माळापलीकडच्या गावातून खटारा गाडी चालवत येणारी, तोंडाने फटकळ. "अहो ग्लेनिस, गज ओढायचा असतो. तारेवर डाग पडलाय का, घासताय कशाला?" मला ती थोडी आवडायची. तिनेच माझा तडा पुन्हा सरसाने भरून घेतला आणि ग्लेनिसला बजावलं, "याच्या तारा कधीही वाजवीपेक्षा जास्त ताणू नका. हे पोट पुन्हा उघडलं ना, तर खेळ खलास." ग्लेनिसने "हो हो" म्हटलं. दात घासा म्हटल्यावर पेशंट म्हणतात, तसं.

पहिल्या ग्रेडच्या परीक्षेला आम्ही गेलो तेव्हा बाहेर बाकांवर आठ-नऊ वर्षांची पोरं ओळीने बसली होती. नाव पुकारणाऱ्या बाईने ग्लेनिसकडे पाहून गोड आवाजात विचारलं, "आणि बाळ कुठंय आपलं?"

"बाळ मीच," ग्लेनिस म्हणाली.

शेजारी बासरी घेऊन बसलेल्या मुलीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही खूप वेळा नापास झालात का?"

"अजून एकदाही नाही. आज श्रीगणेशा करते."

पण नापास झाली नाही. पहिली ग्रेड सुटली, मग तिसरीही सुटली. दर परीक्षेत एकच गोष्ट तिला नडायची. परीक्षक पियानोवर चार सूर वाजवतात आणि ते गाऊन दाखवायचे असतात. ग्लेनिसचा गळा म्हणजे उकळती किटली. त्या वेळी मी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा असायचो आणि मला लाज वाटायची. तिची नव्हे, त्या खोलीत असल्याची.

असे चार हिवाळे गेले आणि पाचवी ग्रेड आली. मार्च महिना होता. सकाळी खिडकी उघडली तर माळ पांढराफटक. टॅमसिनचा फोन आला, "रस्ता बंद आहे. मी गाडी घेऊन अर्ध्यात अडकलेय. मला येता येणार नाही, ग्लेनिस."

परीक्षेत बासला पियानोची साथ लागते. साथीशिवाय त्या चालींना गुण नाहीत. साथ टॅमसिन करणार होती, आणि साथीचे कागदही तिच्याच गाडीत होते, बर्फात. परीक्षा चर्चच्या हॉलमध्येच होती, आणि तिथून पायी गाठता येईल असा पियानो वाजवणारा माणूस एकच होता. ग्लेनिस त्याच्या दारात उभी राहिली, मी तिच्या पाठीशी.

क्लेमंटने दार उघडलं. पायात सपाता, हातात टोस्ट.

"तोंड बघ तुझं," तो म्हणाला. "आता काय, साखर संपली?"

"टॅमसिन अडकलीय. तू साथ कर."

"मी? तुझी?" त्याने टोस्ट चावला. "म्हणजे माझ्या शेजारी बसायला मीच तुला मदत करू?"

"घाबरतोस?"

"कुणाला? तुला?"

"मग नाही म्हण. मी दवाखान्यात प्रत्येक पेशंटच्या खुर्चीशी जाऊन सांगेन, तोंड उघडं असतानाच. त्यांना हो-नाही काही म्हणता येत नाही, सगळं ऐकावंच लागतं."

क्लेमंटने सपाता काढून बूट चढवले. "कागद?"

"टॅमसिनकडे."

"राहू दे. या चाली मी एकोणिसाव्या वर्षी वाजवल्यात. माझ्याकडे माझी प्रत आहे." असं म्हणून तो आत गेला आणि पिवळी पडलेली पानं काखेत मारून आला. त्या पानांचा वास माझ्या ओळखीचा होता. पण माझं कोण ऐकतं?

परीक्षक बाई बारीक चणीच्या होत्या, लोकरी स्वेटर घातलेल्या, हातात पेन्सिल. "सावकाश," त्या म्हणाल्या. क्लेमंटने पियानोवर एक सूर दिला. ग्लेनिसने त्या सुराला माझ्या तारा लावल्या. नीट लावल्या, मी खोटं बोलणार नाही. मग तिने मान हलवली आणि सुरुवात केली.

आणि काय सांगू! मी एकीकडे, पियानो दुसरीकडे. जणू दोन बायका एकाच नळावर. खोलीभर नुसता कलकलाट. ग्लेनिस थांबली. तिच्या कपाळावर घाम आला.

क्लेमंट मोठ्याने म्हणाला, "तारा उतरल्यात तुझ्या! एक सूर खाली आहेस तू. चढव त्या."

परीक्षक बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "हवं तर पुन्हा लावून घ्या."

ग्लेनिसचा हात खुंटीकडे गेला. मित्रांनो, त्या क्षणी मला जी भीती वाटली ती कोठडीतल्या सगळ्या वर्षांत वाटली नव्हती. ही बाई सगळ्यांशी भांडते, पण सुरांच्या बाबतीत क्लेमंटपुढे ती अजून किटलीवालीच होती. चार वर्षांत तिचा स्वतःच्या कानांवर विश्वासच बसला नव्हता. तिने खुंटी पिळली. तार ताणली. घोडी माझ्या पोटात रुतली आणि जुन्या तड्यात कट् असा आवाज झाला.

तो तिने ऐकला. हात तिथेच थांबला.

"आवळ ना," क्लेमंट म्हणाला.

"थांब." तिने खुंटी उलटी फिरवली. माझा जीव भांड्यात पडला. मग ती हळूहळू बोलू लागली, एकेक शब्द चाचपत. "सूर तूच दिलास, आत्ता. त्यालाच मी लावलं. तेव्हा जुळलं होतं. मधल्या वेळात चारही तारा एकदम एक सूर उतरतील होय रे?"

"बाई, मी चाळीस वर्षं..."

"वर्षं राहू देत. पुन्हा दे तो सूर."

क्लेमंटने पियानोची पट्टी दाबली. ग्लेनिसने तार ओढली. दोन्ही आवाज एक झाले, मधे केससुद्धा शिरला नसता.

"मी बरोबर आहे," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "मी बरोबर आहे! तुझा कागद बघ."

क्लेमंटने पहिलं पान उलटून वर पाहिलं. तिथे छापलेलं होतं, की ही साथ चढवून लावलेल्या बाससाठी आहे. त्याच्याखाली त्याच्याच पोरवयातल्या अक्षरात स्पर्धेची तारीख होती. तेव्हा मी चढलेला होतो, म्हणून साथही चढी. चाळीस वर्षं हा माणूस आपल्या त्या बक्षिसाची आठवण काढत होता, पण मला त्यासाठी किती पिळलं होतं ते साफ विसरला होता. त्याचे कान लालबुंद झाले.

"साध्या पट्टीची प्रत आहे का?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"बर्फात," ग्लेनिस म्हणाली.

"मग?"

ग्लेनिस क्लेमंटकडे वळली. "मग उतरवून वाजव. प्रत्येक सूर एक खाली. येतं ना तुला? का मी बिस्किटं मोजू?"

परीक्षक बाई अचानक खोकल्या, आणि बराच वेळ खोकत राहिल्या.

क्लेमंट वाजवू लागला. पानावर एक आणि हातात दुसरं, अशी त्याची तारांबळ. डावा हात मधेच गळून पडायचा, उजवा एका बोटाने लंगडत पुढे जायचा. नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकत होता. परीक्षा तिची होती, पण बसलाय तो असं वाटत होतं. आणि ग्लेनिस वाजवत होती. सुंदर नव्हे. पण प्रत्येक सूर तिने असा धरला, जसा कुणी हिसकावायला आलाय आणि ती देणार नाहीये. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या नरड्यातून रेडा निघाला नाही. मग तिने नेहमीप्रमाणे किटलीसारखं गाऊन दाखवलं आणि मिळवलेले गुण घालवले.

निकाल आला. काठावर पास.

क्लेमंटने समितीत एवढंच म्हटलं, "नियम म्हणजे नियम. बसू दे तिला." त्याने तेवढ्यावर राहू दिलं असतं. पण ग्लेनिसच्या तोंडाला कुलूप कुठलं! तिने चढ्या पट्टीची गोष्ट दवाखान्यात प्रत्येकाला सांगितली, तोंड उघडं असतानाच. आठवड्याभरात बेकरीवाली क्लेमंटला विचारू लागली, "पाव साधा देऊ, की एक सूर चढवून?" टपालवाला त्याला पाहून वरच्या पट्टीत शीळ घालू लागला. पुढच्या सोमवारी क्लेमंट तालमीला आलाच नाही. वाद्यवृंद सोडला, असा त्याने निरोप धाडला.

आणि ग्लेनिस जिंकली. भिंतीशी दोन स्टुलं होती, दोन्ही तिचीच. ती मला घेऊन क्लेमंटच्या स्टुलावर बसली, पाठ ताठ करून. मग तालीम सुरू झाली आणि आमची अब्रू गेली.

मित्रांनो, परीक्षेच्या चालींत बास सारखा वाजत असतो. खऱ्या वाद्यवृंदात तो अर्धा वेळ गप्प बसतो. वीस-वीस, तीस-तीस मापं, म्हणजे तालाची आवर्तनं, नुसती मोजायची आणि मग नेमक्या जागी शिरायचं. हे कुठलीच ग्रेड शिकवत नाही. दुसऱ्यांना थांबवण्यात ग्लेनिसचं आयुष्य गेलं होतं, स्वतः थांबायची सवय नव्हती. सतराव्या मापाच्या आसपास तिचं मन भरकटलं. व्हायोलिनं अगदी हळू, कुजबुजल्यासारखी वाजत होती, आणि त्यात मी एकटाच गरजलो. सगळ्यांनी माना वळवल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झाल्यावर वाद्यवृंदाच्या संचालकाने ताल दाखवायची काठी खाली ठेवली. "ग्लेनिस, मैफल दोन आठवड्यांवर आहे. मला वाटतं, या वेळी बासशिवायच वाजवू. तू चहाचं बघ हवं तर."

तिची पकड सैल झाली. मला तिचे तळवे थंडगार लागले. भांडायचं सोडून तिने गज मांडीवर आडवा ठेवला. मला राग आला. मला तिची कीव येतेय याचाही राग आला.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. क्लेमंट. "वाजवा तुम्ही. मी फक्त माझं स्टूल न्यायला आलोय. ऊठ गं."

"नाही उठत," ग्लेनिस म्हणाली.

"माझं आहे ते. घरून आणलेलं."

"मग ओढ माझ्याखालून."

संचालकाला भांडण नको होतं. "एकदा शेवटपर्यंत घेऊ," म्हणत त्याने काठी उचलली. व्हायोलिनं सुरू झाली. क्लेमंट हाताची घडी घालून तिच्या मागे उभा राहिला, ती कधी उठते याची वाट पाहत. आणि खोड म्हणतात ती हीच. चाळीस वर्षांची सवय. त्याचे ओठ हलू लागले. अगदी पुटपुटल्यासारखं, बारा, तेरा, चौदा. ग्लेनिसची मान एवढीशी मागे झाली. अठरा. एकोणीस. वीस. तिने गज टेकवला. मी शिरलो, नेमका.

संचालकाने भुवया उंचावल्या, पण हात थांबवला नाही.

पुढच्या विरामात ती मागे न वळता म्हणाली, "मोजतोयस तू."

"मी? मुळीच नाही."

"ओठ हलतायत."

"शिव्या देतोय तुला."

"मग मोठ्याने दे. नीट ऐकू येत नाही."

तो शेवटपर्यंत उभा राहिला. जाताना स्टूल न्यायला विसरला, असं तो म्हणतो. पुढच्या सोमवारी आपला पाच तारांचा बास घेऊन आला आणि दुसऱ्या स्टुलावर बसला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

आता कहाणीच्या शेवटी काहीतरी शिकवायचं असतं. मी काय शिकवणार? आम्हाला वाफेत, उन्हात, पोछ्यांच्या शेजारी ठेवू नका. आमच्या मानेवर कोट टांगू नका. आमच्या पोटात कुठे तडा आहे ते विचारून घ्या आणि मगच तारा आवळा. आणि कुणी पन्नाशी उलटल्यावर शिकायला निघालं, तर बाळ कुठंय म्हणून विचारू नका. ते माणूस आधीच रडकुंडीला आलेलं असतं. हे मी प्रेमाने सांगत नाहीये, मला तुमचा वीट आला आहे. तरीही ऐका.

मला ग्लेनिस आवडत नाही. क्लेमंट त्याहून आवडत नाही. पण सोमवारी सात वाजले आणि तिची पावलं स्वयंपाकघराकडे वळली नाहीत, तर माझ्या चारही तारा उगाच थरथरतात, हे मी तुमच्यापाशी कबूल करतो. मैफल झाली, दुसरीही झाली. दोघं अजून एकमेकांशी सरळ बोलत नाहीत. फक्त लांब विराम आला की क्लेमंट समोर बघत, दात-ओठ खात, तिच्यापुरता पुटपुटतो, "चार, पाच, सहा, थांब गं बये, आठ, नऊ, अजून नाही, गाढवे, अकरा..." आणि ग्लेनिस थांबते.